विद्युत-गिटारचा लहान ॲम्प्लिफायर : आवाज, वॉट आणि निवड

प्रस्तावना

वाद्यांच्या इतिहासलेखनात वाद्याला आणि वादकाला जे स्थान मिळते, ते वाद्याचा स्वर श्रोत्यांपर्यंत पोहोचविणाऱ्या साधनाला सहसा मिळत नाही. विद्युत-गिटारविषयीचे लेखन याला अपवाद नाही. तिचे निर्माते, तिचे आकार आणि तिच्यावर हुकमत गाजविणारे वादक यांच्यावर इंग्रजीत विपुल ग्रंथरचना झाली आहे. स्टीव्ह वाक्समन यांच्या १९९९ मधील ‘इन्स्ट्रुमेंट्स ऑफ डिझायर’ या ग्रंथाने या वाद्याकडे सामाजिक इतिहासाच्या अंगाने गंभीरपणे पाहिले. तथापि विद्युत-गिटार हे वस्तुतः अर्धेच वाद्य आहे. भरीव लाकडाच्या या गिटारची तार छेडली, तर तिचा नाद शेजारच्या खोलीतही पोहोचत नाही. उरलेले अर्धे वाद्य म्हणजे ॲम्प्लिफायर. आणि वादक ज्याला ‘माझा टोन’ म्हणतो, तो बव्हंशी या दुसऱ्या अर्ध्यातच घडत असतो.

प्रस्तुत लेखाचा विषय त्याहूनही मर्यादित आहे. चार-पाच जणांच्या बँडमध्ये, आवाज हलका ठेवून वाजविण्यासाठी लहान आणि बहुउपयोगी ॲम्प्लिफायर कसा निवडावा, हा वरकरणी बाजारातला प्रश्न. त्याच्याशी माझा संबंध आला तो अगदी कार्यालयीन मार्गाने. आमच्या महाविद्यालयाच्या सांस्कृतिक विभागासाठी गिटारचा ॲम्प्लिफायर घ्यावयाचा होता आणि खरेदी समितीत मी सदस्य होतो. तीन कोटेशने आली. तुलनात्मक तक्त्यात किमतीच्या शेजारी ‘वॉट’ असा रकाना होता. कमीत कमी रुपयांत अधिकाधिक वॉट देणारे कोटेशन आम्ही एकमताने मंजूर केले. शंभर वॉटचा तो ॲम्प्लिफायर आला. आवाजाचे बटण दोनच्या पुढे नेले की वरच्या मजल्यावरचा वर्ग थांबे आणि दोनच्या मागे ठेवले की गिटारऐवजी पत्र्याचा डबा वाजल्यासारखे वाटे. वर्षभरात तो डेड स्टॉक रजिस्टरमधील एक नोंद होऊन राहिला. दोष विक्रेत्याचा नव्हता. आम्ही चुकीच्या रकान्याकडे पाहत होतो.

तो रकाना तेथे आला कोठून, हा प्रश्न मला नंतर पडला. त्याचे जे उत्तर हाती लागले ते असे की, गिटार-ॲम्प्लिफायरची प्रचंड ताकद ही एका विशिष्ट काळातील, ढोबळमानाने १९३२ ते १९६९ या काळातील, एका विशिष्ट अडचणीवरची तोड होती. पुढे ती अडचण दूर झाली. तोड मात्र प्रतिष्ठेचे परिमाण होऊन मागे राहिली. दरम्यान कोणाच्या ध्यानीमनी नसताना त्या साधनातून एक नवाच स्वर जन्माला आला होता. लहान ॲम्प्लिफायरचा गेल्या सुमारे पाच दशकांचा इतिहास म्हणजे तो स्वर त्या ताकदीपासून सोडवून घेण्याची खटपट होय.

मुक्या वाद्याला कंठ

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांतील अमेरिकन नृत्यगृहांत ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांच्या ताफ्यात गिटार अक्षरशः बुडून जात असे. मोठ्या पोटाच्या गिटारवर ठेका धरणे एवढेच काम तिच्याकडे उरले. काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात १९३७ पासून जवळजवळ अर्धशतक ठेका धरणारे फ्रेडी ग्रीन यांनी ही भूमिका आपणहून स्वीकारली आणि विजेच्या मदतीशिवायच ती थोरवीला नेली. परंतु ज्यांना गिटारवर धून वाजवायची होती त्यांचे काय? १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील पनामा-पॅसिफिक प्रदर्शनानंतर हवाईयन संगीताची जी लाट अमेरिकेत आली, तिने हा प्रश्न निकडीचा केला. मांडीवर आडवी ठेवून पोलादी दांडीने वाजविल्या जाणाऱ्या त्या गिटारचा जीवच मुळी सलग, मिंडेने वाहणाऱ्या धुनेत होता. आणि ती धून मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नव्हती.

तोड निघाली ती घरगुती रेडिओच्या मार्गाने. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तीन ध्रुवांची निर्वात नलिका, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला व्हॉल्व्ह, सिद्ध केली. १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी हलत्या वेटोळ्याचा स्पीकर मांडला. दशकाच्या अखेरीस रेडिओ घरोघर गेल्यामुळे हे दोन्ही सुटे भाग स्वस्त झाले. १९३२ मध्ये लॉस एंजेलिस येथे जॉर्ज बोशम आणि ॲडॉल्फ रिकेनबॅकर यांची विद्युत-गिटार विक्रीस आली. आकारावरून लोकांनी तिला ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे तवा, असे नाव दिले. १९३६ मध्ये गिब्सन कंपनीने ईएस-१५० ही गिटार आणली. ॲम्प्लिफायरसह तिची किंमत सुमारे १५० डॉलर होती. १९३९ मध्ये बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदात दाखल झालेल्या चार्ली ख्रिश्चन यांनी या संचावर सॅक्सोफोनच्या तोडीने एकल वादन करून दाखविले आणि १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला.

येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, या आरंभकाळातील सर्वच ॲम्प्लिफायर आजच्या हिशेबाने ‘लहान’ होते. रेडिओच्या पेटीएवढी पेटी, एक स्पीकर, हातात धरून नेण्यासाठी वर मूठ. पुढे अनेक नमुन्यांत मायक्रोफोनसाठीही जागा असे. गायक आणि गिटारवादक एकाच पेटीत आपापली वायर खोचीत. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालविणारे लिओ फेंडर यांनी १९४६ मध्ये स्वतःच्या नावाची कंपनी काढली आणि १९४८ पासून शिकाऊ वादकांसाठी सर्वांत लहान ॲम्प्लिफायर विकण्यास सुरुवात केली. त्याचेच पुढे ‘चॅम्प’ झाले. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस त्याचे रूप स्थिर झाले : आठ इंची एक स्पीकर, आवाजाचे एकच बटण आणि सुमारे पाच वॉट. हा ॲम्प्लिफायर विद्यार्थ्याच्या बैठकीच्या खोलीसाठी होता. मंचावर तो कोणी नेईल, अशी त्याच्या निर्मात्याची कल्पनाही नसावी.

आवाज फाटतो

आपल्याकडे सभेच्या कर्ण्यातून भाषण खरखरू लागले की ‘आवाज फाटतोय’ असे आपण म्हणतो आणि बटण मागे घ्यावयास सांगतो. ॲम्प्लिफायरच्या अभियंत्यांची भूमिकाही अगदी हीच होती. व्हॉल्व्हला त्याच्या कुवतीपेक्षा मोठा विद्युत-संकेत दिला, की संकेताच्या लाटेचे शेंडे छाटले जातात. छाटलेल्या लाटेत मूळ स्वराबरोबर अनेक नवे उपस्वर मिसळतात आणि कानाला तो आवाज फाटलेला वाटतो. तांत्रिक भाषेत हा दोष होय.

वादकांनी हा दोष गुण म्हणून स्वीकारला, ही या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना. आणि तिला निश्चित तारीख देता येत नाही. १९५१ मध्ये मेम्फिस येथे सॅम फिलिप्स यांच्याकडे ध्वनिमुद्रित झालेले ‘रॉकेट ८८’ हे गाणे या संदर्भात नेहमी सांगितले जाते. आइक टर्नर यांच्या चमूचा ॲम्प्लिफायर प्रवासात खराब झाला, स्पीकरच्या फाटलेल्या कागदी शंकूत कागद कोंबून वेळ मारून नेण्यात आली आणि तो गुरगुरणारा आवाज तसाच तबकडीवर उतरला, अशी ही हकीकत आहे. लिंक रे यांनी १९५८ च्या ‘रंबल’ या वाद्यरचनेसाठी तर स्पीकरला पेन्सिलीने मुद्दाम भोके पाडल्याचे प्रसिद्ध आहे. अपघाताकडून हेतूकडे, असा हा सात वर्षांचा प्रवास. फाटलेल्या आवाजात स्वर लांबतो, त्याला मानवी कंठाचा पोत येतो. गिटारची तार छेडताक्षणी विझू लागते. या आवाजात ती सॅक्सोफोनसारखी श्वास धरून राहते. वादकांना जे हवे होते ते हे.

मात्र या गुणाला एक अट चिकटलेली होती. व्हॉल्व्ह कुवतीच्या टोकाला गेल्याशिवाय आवाज फाटत नाही. पाच वॉटचा चॅम्प घरातल्या आवाजाच्या थोडा पुढे गेला की फाटतो. शंभर वॉटचा ॲम्प्लिफायर फाटेपर्यंत इमारत हादरलेली असते. आमच्या तालमीच्या खोलीतील पत्र्याच्या डब्याचे एक कारण येथे सापडते.

भिंतीएवढे ॲम्प्लिफायर

साठच्या दशकात श्रोते वाढले, मैदाने वाढली. पण सभागृहांतील ध्वनिव्यवस्था जेमतेम गायकाच्या आवाजापुरती होती. वाद्यांना त्या व्यवस्थेत जागाच नव्हती. मागच्या रांगेला गिटार ऐकवायची, तर ती मंचावरच तेवढी मोठी वाजली पाहिजे, हा सरळ हिशेब होता. केंटमधील डार्टफर्ड येथे टॉम जेनिंग्ज यांच्या कंपनीसाठी डिक डेनी यांनी रचलेला व्हॉक्स एसी-१५ हा पंधरा वॉटचा ॲम्प्लिफायर १९५८ मध्ये आला. ‘द शॅडोज’ या चमूला चाहत्यांच्या किंकाळ्यांपुढे तो पुरेना, म्हणून दुप्पट ताकदीचा एसी-३० तयार झाला. पश्चिम लंडनमधील हॅनवेल येथे जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ मध्ये फेंडरच्या बासमन या ॲम्प्लिफायरच्या धर्तीवर जेटीएम-४५ घडला. मार्शल हे मुळात ड्रमवादक आणि ड्रमचे शिक्षक. ज्या वाद्याच्या आवाजाशी गिटारला झुंजावे लागते, त्या वाद्याच्या दुकानातून जगातले सर्वांत दणकट गिटार-ॲम्प्लिफायर बाहेर पडावेत, याची मला गंमत वाटते. ‘द हू’ चे पीट टाउनशेंड यांच्यासारख्या वादकांच्या मागणीवरून १९६५ च्या सुमारास तेथे शंभर वॉटची पेटी आणि माणसाच्या उंचीएवढी स्पीकरची उतरंड तयार झाली.

त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सनी सुमारे ५५,६०० श्रोत्यांपुढे कार्यक्रम केला. व्हॉक्सने खास दिलेले शंभर वॉटचे ॲम्प्लिफायर मंचावर होते आणि गायन स्टेडियमच्या घोषणा करण्याच्या कर्ण्यांवरून ऐकविले जात होते. श्रोत्यांना नीट ऐकू आले नाही. वादकांना एकमेकांचे तर मुळीच नाही. वॉट वाढवून हा प्रश्न सुटणार नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले होते असे आज म्हणता येते. तेव्हा मात्र निष्कर्ष उलटा, आणखी वॉट हवेत असा, काढला गेला.

खरी सुटका दुसऱ्या बाजूने आली. १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवात बिल हॅनली यांनी लाखोंच्या समुदायासाठी ध्वनिव्यवस्था उभारली. पुढच्या काही वर्षांत प्रत्येक ॲम्प्लिफायरपुढे मायक्रोफोन लावून त्याचा आवाज मिक्सरमार्गे सभागृहभर पसरविण्याची पद्धत रूढ झाली. श्रोत्यांपर्यंत पोहोचविण्याचे काम गिटारच्या ॲम्प्लिफायरकडून निघून गेले. १९७४ मध्ये ‘ग्रेटफुल डेड’ने ‘वॉल ऑफ साउंड’ नावाची स्पीकरची अवाढव्य भिंत वादकांच्या पाठीशी उभी केली खरी. पण तिचा वाहतुकीचा आणि मनुष्यबळाचा खर्च एवढा होता की त्याच वर्षी ती मोडीत काढावी लागली.

गरज संपली तरी भिंती मात्र मंचावर राहिल्या, कारण आता त्या देखाव्याचा भाग झाल्या होत्या. या देखाव्यामागे एक विसंगती दडलेली आहे. ‘लेड झेपेलिन’च्या १९६९ मधील पहिल्या तबकडीसाठी जिमी पेज यांनी सुप्रो या बनावटीचा छोटा ॲम्प्लिफायर वापरला होता. १९७० च्या ‘लैला’ या तबकडीच्या वेळी एरिक क्लॅप्टन यांच्यापुढे तोच शिकाऊ विद्यार्थ्यांचा चॅम्प होता, असे सांगितले जाते. रसिकांनी मंचावर भिंती पाहिल्या आणि घरी तबकडीवर पेटीचा आवाज ऐकला. ऐकलेल्याचे श्रेय त्यांनी पाहिलेल्याला दिले, यात त्यांचा फारसा दोष नाही.

अर्थात, उलट उदाहरणही आहे आणि ते टाळून चालणार नाही. १९६६ च्या ‘ब्लूज ब्रेकर्स’ तबकडीच्या वेळी याच क्लॅप्टन यांनी मार्शलचा ॲम्प्लिफायर स्टुडिओत मैफिलीइतकाच मोठा वाजविण्याचा हट्ट धरला. स्टुडिओच्या शिस्तीत हे बसणारे नव्हते. त्या हट्टातून निघालेला स्वर पुढच्या पिढीने प्रमाण मानला आणि ‘स्वर हवा तर आवाज सोसावा लागेल’ ही समजूत पक्की झाली.

वॉट आणि कान

समजूत पक्की होण्यामागे आकड्यांचा एक भ्रमही आहे. शंभर वॉट म्हणजे दहा वॉटच्या दहापट आवाज, असे खरेदी समितीला वाटते. कान तसे मोजत नाही. ताकद दुप्पट केली की ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. ताकद दहापट केली की १० डेसिबलने, आणि तेव्हा कुठे आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. म्हणजे शंभर वॉटचा ॲम्प्लिफायर दहा वॉटच्या केवळ दुप्पट मोठा वाटतो. दुसरीकडे, एक वॉट ताकदीवर एक मीटर अंतरावर ९७ डेसिबल देणारा स्पीकर काढून १०० डेसिबल देणारा बसविला, तर ॲम्प्लिफायर न बदलता त्याची ताकद दुप्पट केल्याचा परिणाम मिळतो. हा आकडा आमच्या तक्त्यात नव्हता. कोणत्याच तक्त्यात तो सहसा नसतो.

दुसरा मुद्दा हलक्या आवाजाचा. बेल प्रयोगशाळेतील हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की, आवाज कमी होत जातो तसे कानाला मध्यम पट्टीपेक्षा खर्जाचे स्वर अधिक वेगाने ऐकू येईनासे होतात. अगदी वरच्या पट्टीचेही तसेच. मोठ्या आवाजात भरदार वाटणारी गिटार हलक्या आवाजात किरकिरी वाटते, त्यात ॲम्प्लिफायरइतकाच कानाचा वाटा असतो. म्हणून हलक्या आवाजासाठी खर्ज आणि तार वेगवेगळे वाढविण्याची सोय ही चैन नसून गरज ठरते.

तिसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. पीट टाउनशेंड यांनी आपल्या श्रवणहानीविषयी आणि कानांत सतत घुमणाऱ्या नादाविषयी जाहीरपणे सांगितले आणि वादकांच्या श्रवणरक्षणासाठी १९८८ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘हिअर’ या संस्थेला अर्थसाहाय्य केले. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेच्या, म्हणजे नायॉशच्या, शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसता येतो. त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. हिशेब केला तर १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. बंद खोलीत काठ्यांनी वाजविलेला ड्रमसेट १०० डेसिबलच्या आसपास सहज पोहोचतो. दोन तासांच्या तालमीचा अर्थ यावरून स्पष्ट व्हावा. युरोपीय संघाने कामाच्या ठिकाणच्या आवाजाविषयी २००३ मध्ये काढलेला निर्देश संगीत व मनोरंजन क्षेत्राला २००८ पासून लागू झाला. म्हणजे कारखान्यातील कामगाराच्या कानांची जी काळजी कायदा आधीपासून घेत होता, ती वादकाच्या वाट्याला उशिरा आली. आवाज हा वादकाच्या दृष्टीने स्वतःचाच असतो. तो त्रास आहे हे मान्य करणे त्याला जड जाते.

स्वराची आणि ताकदीची फारकत

स्वर ताकदीपासून सोडवून घेण्याचा पहिला मोठा प्रयत्न सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, साठचे दशक संपता संपता झाला. दुरुस्तीची कामे करणाऱ्या रँडल स्मिथ यांनी फेंडरच्या प्रिन्स्टन या छोट्या पेटीत बारा इंची स्पीकर आणि मोठ्या बासमनची विद्युत-रचना कोंबली. आरंभी ही केवळ एक थट्टा होती. कार्लोस सांताना यांनी ती पेटी वाजवून पाहिली, तिचे कौतुक केले आणि त्यांच्या उद्गारातूनच ‘बूगी’ हे नाव निघाले, अशी कथा आहे. स्मिथ यांचे खरे योगदान त्यापुढचे आहे. ॲम्प्लिफायरच्या पहिल्या भागात त्यांनी व्हॉल्व्हची आणखी एक पायरी घातली आणि आवाज फाटू देण्याचे बटण वेगळे, एकूण आवाजाचे बटण वेगळे, अशी व्यवस्था केली. आता आवाज आत हवा तेवढा फाटू द्यावा आणि बाहेर हवा तेवढाच सोडावा. साठ वर्षांपूर्वी ही सोय नव्हती, हे आजच्या विद्यार्थ्याला सांगूनही पटत नाही.

फारकत पूर्ण झाली मात्र नाही. फाटण्याचा जो भाग शेवटच्या, ताकदीच्या व्हॉल्व्हमध्ये आणि स्पीकरमध्ये घडत असे, तो हलक्या आवाजात अजूनही मिळत नव्हता. ‘बॉस्टन’ चमूचे टॉम शोल्झ हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे अभियंते. १९७६ मधील पहिल्या तबकडीचा बराच भाग त्यांनी घराच्या तळघरात मुद्रित केला होता. शेजारधर्माचे महत्त्व त्यांना ठाऊक असणार. त्यांनी १९८० च्या सुमारास ‘पॉवर सोक’ नावाचे साधन विकावयास काढले. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्या मध्ये बसून ते जादा ताकद उष्णतेच्या रूपात पिऊन टाकी. शंभर वॉट तयार करायचे आणि त्यातले बहुतेक जाळून टाकायचे, ही युक्ती आर्थिक दृष्टीने हास्यास्पद वाटेल. परंतु वॉटची प्रतिष्ठा किती खोल रुजली होती, याचा याहून बोलका पुरावा मला सापडलेला नाही. १९८२ मध्ये शोल्झ यांनीच ‘रॉकमन’ हा कमरेला लावून हेडफोनवर ऐकण्याचा ॲम्प्लिफायर आणला.

ट्रान्झिस्टरची कथा थोडक्यात आटोपता येईल. ते स्वस्त आणि टिकाऊ होते, पण फाटताना त्यांचा आवाज कठोर होई. म्हणून वादकांनी त्यांना नाके मुरडली. जपानच्या रोलँड कंपनीचा १९७५ मधील जेसी-१२० हा मोठा अपवाद. त्याने फाटण्याचा नादच सोडला आणि निर्मळ स्वरावर नाव कमावले.

यानंतरचे वळण गणिताचे आहे. लाइन-६ कंपनीने १९९६ मध्ये पहिला अंकीय प्रतिरूप ॲम्प्लिफायर आणि १९९८ मध्ये ‘पॉड’ हे साधन आणले. व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर यांत जे घडते त्याचे गणिती अनुकरण एका चिपमध्ये होऊ लागले. आरंभीची अनुकरणे कान फसवू शकत नव्हती. पुढच्या दोन दशकांत ती बरीच जवळ आली. बॉस कंपनीचा २०१६ मधील कटाना-५० या दृष्टीने लक्षणीय वाटतो. बारा इंची एक स्पीकर, ५० वॉट, आणि मागे नव्हे तर पुढेच एक बटण, ज्याने ताकद २५ किंवा अर्ध्या वॉटवर आणता येते. ज्या आकड्याने चाळीस वर्षे मिरवून घेतले, तो खाली आणण्याचे बटण आता जाहिरातीचा विषय झाले.

निवडीचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. हलक्या आवाजातील बँडसाठी निवड करताना पहिला विचार गिटारवादकाचा नव्हे, ड्रमवादकाचा करावा लागतो, कारण आवाजाची खालची पातळी तोच ठरवितो. ड्रमवादक कुंचल्यांनी वाजविणार असेल किंवा पेरूमधील काहोन या पेटीवाद्यावर ठेका धरणार असेल, तर पाच वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरही पुरतो. काठ्या हाती आल्या की पाच वॉट अपुरे पडतात. आवाज मोठा होण्याऐवजी फाटत जातो आणि साथीला हवा असलेला निर्मळ स्वर मिळत नाही. येथे व्हॉल्व्हच्या १२ ते २२ वॉटचा टप्पा कामी येतो. फेंडरचे प्रिन्स्टन रिव्हर्ब आणि डीलक्स रिव्हर्ब हे साठच्या दशकातील नमुने आजही याच कारणासाठी घेतले जातात. डीलक्सचे वजन सुमारे १९ किलो आणि त्याच घराण्यातील ८५ वॉटच्या ट्विनचे सुमारे २९ किलो. जिना चढून पाहिलेल्या माणसाला या दहा किलोंचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. एकाच बँडने आज भावगीत, उद्या रॉक आणि परवा चित्रपटसंगीत वाजवायचे असेल, तर माझा कल अंकीय ॲम्प्लिफायरकडे आहे. व्हॉल्व्हच्या स्पर्शसुखाला तो पूर्णपणे पोहोचत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण दुरुस्तीला व्हॉल्व्ह जाणणारा कारागीर जवळपास मिळत नाही, हेही तितकेच खरे. शिवाय ॲम्प्लिफायर जमिनीवर न ठेवता खुर्चीवर, कानाच्या रोखाने ठेवावा. स्पीकरमधील तीव्र स्वर सरळ रेषेत जातात. ते गुडघ्यांवर आदळत राहिले की वादकाला स्वतःला ऐकू येत नाही आणि तो बटण पुढे सरकवितो. बँडमधील निम्मी भांडणे येथून सुरू होतात.

आपल्याकडे या निवडीला कायद्याचीही बाजू आहे. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रुग्णालये, शैक्षणिक संस्था आणि न्यायालये यांच्याभोवतालचे किमान शंभर मीटरचे क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येते आणि तेथे दिवसा ५० व रात्री ४० डेसिबलची मर्यादा आहे. मुंबईत धोबी तलावाजवळचे रंगभवन हे १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सवाचे घर होते. शेजारी महाविद्यालय आणि रुग्णालय असल्याने शांतता क्षेत्राच्या बंधनांखाली तेथील कार्यक्रम थांबले आणि शहरातील रॉक बँडचे हक्काचे खुले व्यासपीठ गेले. गोव्यात पाळोळेच्या किनाऱ्यावर रात्री दहानंतर हेडफोन लावून नाचण्याचे कार्यक्रम सुरू झाले, तेही याच नियमांच्या दडपणातून. रंगभवनासाठी हळहळणाऱ्यांशी माझी सहानुभूती आहे आणि कामा रुग्णालयातील प्रसूत स्त्रियांशीही. मात्र या वादात कोठेही ॲम्प्लिफायरचा विचार झाल्याचे आढळत नाही. आवाज असावा की नसावा, एवढाच वाद झाला. किती आणि कोणत्या साधनाने, हे बाजूला राहिले.

नियमांचा मजकूर वाचताना माझ्या लक्षात आले की, शांतता क्षेत्राच्या व्याख्येत आमची तालमीची खोलीही बसते. गेल्या शैक्षणिक वर्षात सांस्कृतिक विभागाने पुन्हा मागणी केली, तेव्हा आवश्यक वैशिष्ट्यांची टिपणी लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. ताकद कमी करण्याची सोय, फाटण्याचे आणि एकूण आवाजाचे बटण स्वतंत्र, खर्ज व तार यांचे वेगळे नियंत्रण, हेडफोनची आणि मिक्सरला जोडण्याची जागा, बारा इंची स्पीकर व त्याची एक वॉटला मिळणारी डेसिबल पातळी, वजन पंधरा किलोंच्या आत, एवढे मी लिहिले. कार्यालयाने ते मान्य केले. तुलनात्मक तक्त्यातील ‘वॉट’ हा रकाना मात्र काढता आला नाही. तो छापील नमुन्यातच आहे.